एक नमस्कार आणि गावभर भोंगा

मला एक सांगा, थोरामोठ्यांच्या पाया पडलं म्हणून कुठे आगीचा बंब येतो का? माझ्यासाठी आला हो!

आमच्या सायलीला ल्यूकशी लग्न करायचंय. मुलगा गुणी. पण त्याला आजीने एकटीने वाढवलेलं, तिला विचारल्याशिवाय तो पुढचं ठरवणार नाही. आजी मेन राज्याच्या अगदी उत्तर टोकाला. आमच्या पिस्कॅटवेच्या घराहून अख्खा दिवस ड्राइव्ह! टेकड्यांवर नुसतं जंगल, मधल्या खोलगटात इवलंसं गाव. एक चर्च, एक पोस्ट, एक पेट्रोल पंप. आणि अमेरिकेत असून सगळे फ्रेंच बोलतात!

"आई, प्लीज, नो ड्रामा हं," सायली वाटभर बजावत होती.

"मी कसला ड्रामा करते? नमस्कार करीन आणि गप्प बसेन."

बाकीचे बॅगा काढत होते, तोवर मी आत गेले. ऐंशी पार केलेल्या, ताठ आजी धिरडी घालत होत्या. मी पदर सावरला, वाकले, डोकं टेकवलं. आणि दिवसभर गाडीत दुमडलेला माझा गुडघा तिथेच अडकला!

आजी घाबरतील म्हणून मी खालूनच ओरडले, "नमस्कार! नमस्कार!" आधाराला त्यांचा पाय धरला, घट्ट. आता त्यांच्या जागी तुम्ही असतात तर? अनोळखी बाई पायाशी कोसळलीय, कळेना अशा भाषेत ओरडतेय आणि पाय काही सोडत नाही! आजींनी किंचाळत भिंतीवरचा फोन ओढला.

गावात भोंगा वाजला. बंब आला. त्यातून कोण उतरावं? तासाभरापूर्वी आमच्या गाडीत पेट्रोल भरणारा माणूस, पोस्टातली बाई आणि मागून चर्चचे पाद्री. इथे आग विझवणारेही तेच, जीव वाचवणारेही तेच.

"अहो, पाद्री कशाला?" मी ह्यांना विचारलं.

"शेवटची प्रार्थना करायला असतील," हे म्हणाले. गंभीरपणे!

पेट्रोलवाल्याने माझ्या नाकावर ऑक्सिजनचा मास्क चढवला. सायली लालबुंद. "शी इज फाइन! दॅट्स हाउ वी से हॅलो!"

ल्यूकने आजींना फ्रेंचमध्ये समजावलं. मग आजींनी काहीतरी विचारलं.

"आजी विचारतेय, ओळख ना पाळख, मग माझ्या पायाशी का?" ल्यूकचं ऐकून सायलीने मला मराठीत सांगितलं.

मी मास्क बाजूला केला. "त्यांना सांग, एवढा चांगला मुलगा ज्यांनी घडवला, त्यांच्यापुढे नाही वाकायचं तर कुणापुढे?"

सायलीने ते इंग्रजीत सांगितलं. ल्यूकने ते आजींना फ्रेंचमध्ये सांगितलं. आजी पाठ फिरवून धिरडी उलटत राहिल्या. बंबवाल्यांसकट सगळ्यांना वाढलं, पण लग्नाचं अवाक्षर नाही. सायली माझ्याकडे बघेना. पोरीचा संसार मांडण्याआधीच मोडला का मी?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लंगडत स्वयंपाकघरात गेले, तेव्हा आजी सायलीचा हात धरून खुर्चीत बसल्या होत्या, मला वाकावं लागू नये म्हणून त्यांनी दोन्ही पाय उंच स्टुलावर ठेवले होते, आणि शेजारी पेट्रोलवाला ऑक्सिजन घेऊन तयार उभा होता.