जंगलातलं गटार आणि गिरीश देवस्थळी

लीड्सच्या मराठी मंडळात दोन गिरीश आहेत. एक हृदयाचे डॉक्टर. दुसरे गिरीश देवस्थळी. त्यांना सगळे ‘गटारवाले गिरीश’ म्हणतात, अर्थात पाठीमागे. काकांना ते माहीत आहे आणि त्याचं त्यांना काहीच वाटत नाही. वाटतं ते मीनाक्षीकाकूंना. कुणी विचारलं की त्या सांगायच्या, "हे कौन्सिलमध्ये वॉटर मॅनेजमेंटला होते." की लगेच काका दुरुस्ती करायचे, "गटारं. रस्त्याकडेची गटारं आणि मोऱ्या. सत्तावीस वर्षं."

मूळचे सांगलीचे, सिव्हिल इंजिनिअर. मी त्यांच्या शेजारी राहतो, मूरटाउनला. त्यांच्याबरोबर फिरायला जाणं हे धीराचं काम आहे. दर तीस पावलांवर एक जाळी येते आणि तिथे काका थांबतात. पाऊस पडत असेल तर जास्तच वेळ थांबतात. "बघ अवधूत, किती सुंदर जातंय पाणी," असं ते एकदा म्हणाले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर देवळात उभं राहिल्यासारखा भाव होता.

रिटायर झाल्यावर पहिल्या महिन्यात त्यांनी बाथरूमचा उतार बदलला. दुसऱ्या महिन्यात पॅटिओ उखडला. तिसऱ्या महिन्यात ते शेजारच्या मिसेस हॉब्सनच्या ड्राइव्हवेकडे टक लावून बघायला लागले, तेव्हा काकूंनी त्यांच्या हातात आयपॅड दिला आणि म्हणाल्या, "काहीतरी बघा. पण घरात बसून बघा."

त्यांनी जे बघितलं ते होतं मध्य अमेरिकेतल्या बेलीझचं जंगल. केंब्रिजच्या काही संशोधकांनी विमानातून लेझरचे किरण सोडून त्या जंगलाचा नकाशा केला होता. कॉम्प्युटरवर झाडं काढून टाकायची, की खालची उघडी जमीन दिसते, आणि त्या जमिनीत कुठेकुठे हजार-दीड हजार वर्षांपूर्वीची माया लोकांची घरं, चौथरे, देवळं गाडलेली असतात. नकाशा एवढा मोठा की त्याचे हजारो चौकोन करून वेबसाइटवर टाकले होते. ज्याला हौस असेल त्याने बघावं आणि संशयास्पद जागेवर खूण करावी.

काकांना हौस होती. आठ महिन्यांत त्यांनी सहा हजार चौकोन तपासले. "माणसं सकाळी उठून देवाचं नाव घेतात," काकू माझ्या बायकोला म्हणाल्या, "आमच्याकडे जंगल उघडतात."

मग एका शनिवारी काका आयपॅड घेऊन थेट आमच्या किचनमध्ये आले. "चौकोन चार हजार चारशे सतरा. हा उंचवटा बघ. चारही कोपरे काटकोनात. निसर्गाकडे काटकोन मापायचा गुण्या नसतो, अवधूत! हा पिरॅमिड आहे."

मला राखाडी रंगात एक राखाडी ठिपका दिसला. मी म्हटलं, "वा!"

त्यांनी केंब्रिजला चार पानी ईमेल पाठवली. उत्तराऐवजी फोन आला, तोही मराठीत. प्रकल्पाच्या प्रमुख डॉक्टर मालविका राजाध्यक्ष. जन्म मँचेस्टरचा, मराठी आजीकडून शिकलेली आणि आजी गेल्यावर थोडी गंजलेली. "काका, तुमची ईमेल वाचून मला खूप आनंद झाली. ड्राय सीझनला आमच्या कॅम्पमध्ये व्हॉलंटियर चालते. तुम्ही येतो का?"

काका तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. लेक डिस्ट्रिक्टच्या पलीकडे ते कधी जंगल म्हणावं अशा ठिकाणी गेले नव्हते. ते म्हणाले, "येतो."

तयारी महिनाभर चालली. काकांनी शहरातल्या सगळ्यात महागड्या दुकानातून डोंगर चढायचे बूट घेतले आणि ते मऊ व्हावेत म्हणून घरात घालून हिंडले. काकूंनी बॅगेत मेतकूट, भाजणी, दोन प्रकारच्या चटण्या आणि अर्धा किलो हळद भरली. "अर्धा किलो?" काकांनी विचारलं. "घसा, पोट, जखम," काकू म्हणाल्या. "जंगलात काय काय होईल सांगता येतं का?" बेलीझच्या विमानतळावर अधिकाऱ्याने मेतकुटाची पिशवी उघडून वास घेतला, तीनदा शिंकला आणि काही न विचारता सगळी बॅग बंद करून दिली.

कॅम्प होता जंगलातल्या एका सपाट, छान कोरड्या जागेवर. सहा-सात तंबू, पत्र्याखाली स्वयंपाकघर, खाली उतारावर ओढा. मालविका उंच, उन्हाने रापलेली, आणि बोलताना हात हलवणारी. तिने ओळखी करून दिल्या. वाटाड्या मिस्टर चो, जवळच्या गावातले, स्वतः माया. आणि त्यांची बहीण मिस पावलीता, कॅम्पची स्वयंपाकीण. मिस्टर चोंनी काकांना नमस्कार केला आणि मग बराच वेळ त्यांच्या बुटांकडे पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या पायात साधे रबरी गमबूट होते.

"इथे सगळे हेच घालतात," ते म्हणाले. "चिखल, साप, सगळ्याला हेच बरे."

काकांनी आपल्या महागड्या बुटांकडे पाहिलं. सत्तावीस वर्षं गटारात वापरलेले अगदी तसलेच गमबूट ते लीड्सच्या शेडमध्ये ठेवून आले होते.

चौथ्या दिवशी सगळे चार हजार चारशे सतराकडे निघाले. "किती वेळ लागेल?" काकांनी विचारलं.

"मला दोन तास," मिस्टर चो म्हणाले. "तुमचं बघू."

साडेचार तास लागले. वर माकडं अशी डरकाळ्या फोडत होती की काकांना वाटलं, वाघच आहे. "हाताने काही धरू नका," असं मिस्टर चोंनी सांगितल्यावर दहाव्या मिनिटाला काकांचा पाय घसरला आणि त्यांनी नेमकं तेच झाड धरलं ज्याच्या खोडाला वीतभर लांब काटे होते. मिस्टर चोंनी शांतपणे काटे काढले, त्याच झाडाची आतली साल जखमेवर बांधली आणि म्हणाले, "हे झाड देतंही आणि घेतंही. तुम्ही उलट्या बाजूने सुरुवात केलीत."

आणि शेवटी तो उंचवटा आला. पुरुषभर उंच, वेलींनी झाकलेला, खरोखरच चौकोनी. काकांनी चष्मा पुसला. मालविकाने वेली बाजूला केल्या. आत दगड नव्हता, लाल माती होती आणि तिच्यात रुतलेलं एक प्रचंड गंजलेलं चाक.

मिस्टर चो हळूच म्हणाले, "हा महोगनीवाल्यांचा धक्का. माझ्या पणजोबांच्या काळात इंग्रज इथून महोगनीचे ओंडके न्यायचे. ओंडके चढवायला मातीचा चौथरा करायचे. हे त्यांचं वाफेचं इंजिन."

चाकाच्या वर एक लोखंडी पट्टी होती. कारखान्याचं नाव गंजून गेलं होतं, पण खालची पाच अक्षरं शाबूत होती. काकांनी ती बोटाने चाचपत वाचली. एल, ई, ई, डी, एस.

पाच हजार मैल प्रवास करून, आठ महिने डोळे फोडून, गिरीश देवस्थळींनी मध्य अमेरिकेच्या जंगलात लीड्स शोधून काढलं होतं.

सगळ्यात आधी मालविका हसली, मग टीमची पोरं. काकाही हसले, पण परतताना सगळ्यांच्या मागून चालले. पुढचे दोन दिवस त्यांनी खणायला जायचंच टाळलं. हाताची जखम हे कारण होतं. ते स्वयंपाकघराजवळ खुर्ची टाकून बसायचे आणि मिस पावलीतांना मका निवडू लागायचे. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं, मग दाणे वाटून भाकऱ्या थापायच्या, असा तिथला रोजचा परिपाठ. काकूंना फोटो पाठवण्यापलीकडे काकांना त्यात रस नव्हता.

पण तिसऱ्या दिवशी त्यांचं लक्ष त्या पाण्याकडे गेलं. चुन्याचं पाणी, भांड्यांचं पाणी, दिवसाला आठ-दहा बादल्या स्वयंपाकघरामागे एकाच जागी ओतल्या जात होत्या. आणि तिथे चिखल नव्हता. डबकं नव्हतं. डास नव्हते.

"मिस पावलीता, हे पाणी जातं कुठे?"

"खाली."

"खाली कुठे?"

"मिस्टर गिरीश," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "पाणी खालीच जातं."

काका उठले. गुडघ्यावर बसून त्यांनी जमिनीला कान लावला आणि मिस पावलीतांना बादली ओतायला सांगितली. खोलवरून आवाज आला. तो आवाज जगातल्या कुठल्याही भाषेत त्यांना ओळखू आला असता.

पाणी एका ठिकाणी जातं आणि कुठून बाहेर येतं हे कळत नसेल, तर गटारवाले त्यात रंग टाकतात आणि उताराला जाऊन बघतात. रंग जवळ नव्हता. हळद होती. काकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्या किलोची अख्खी पिशवी मक्याच्या पाण्याच्या बादलीत कालवली, ती त्या जागी ओतली, मागोमाग चार बादल्या साधं पाणी ओतलं आणि ते ओढ्याच्या दिशेने निघाले. पिवळं पाणी कुठे दिसतंय ते बघायला.

मालविका तेव्हा ओढ्याकाठी दात घासत होती. तिच्या समोरच्या काठावर, नेच्यांच्या झुडपातून, लालभडक धार लागली.

तिची किंकाळी कॅम्पवर ऐकू आली. "काका! रक्त! जमिनीतून रक्त आली!"

मिस्टर चो कोयता घेऊन धावले. मिस पावलीतांनी छातीवर क्रूस काढला. काका उतारावरून घसरत, पडत, हात हलवत येत होते आणि ओरडत होते, "कुंकू! अगं, कुंकू आहे ते!"

"कुंकू?" दात घासायला आलेला एक इंग्रज विद्यार्थी दोन पावलं मागे सरून म्हणाला. "चावतं का ते?"

हळदीत चुना पडला की कुंकू होतं, हे सांगलीच्या माणसाला शिकवावं लागत नाही. फक्त बादलीत चुन्याचं पाणी आहे हे काका ऐन वेळी विसरले होते. मालविकाला एवढं समजावून होईपर्यंत मिस्टर चोंनी कोयत्याने नेचे छाटले होते. आणि मग सगळेच पुढे वाकले. काठाच्या मातीत, दोन वीत रुंद, घडीव दगडांची चौकट होती. वर दगडी झाकण. आतून लाल पाणी ठिबकत होतं.

"तीन सीझन," मालविका पुटपुटली. "तीन सीझन मी इथे दात घासते."

पुढचे दहा दिवस सगळी टीम काकांच्या हाताखाली होती. चार ठिकाणी जमीन उघडली. ते मायांचं दगडी गटार होतं, हजारएक वर्षांपूर्वीचं आणि अजून चालू. काकांनी उतार मोजला: ऐंशीला एक, म्हणजे ऐंशी फुटांत एक फूट. "मी असतो तर मीही हाच दिला असता," ते म्हणाले. वळणावर एक खोल चौकोनी खड्डा निघाला. मालविकाला वाटलं, माणसं पुरण्याची जागा असेल, काही दागिने मिळतील. काकांनी एका नजरेत सांगितलं, "गाळ साठायची जागा आहे. गाळ इथे बसतो, पाणी पुढे जातं." मग ते तिथेच बसून राहिले. दगडावर खरवडल्याच्या रेघा होत्या, एकाच दिशेने, पुन्हापुन्हा. कुणीतरी तो खड्डा नेमाने साफ करत असे.

"काका, तुम्ही रडतो?" मालविकाने विचारलं.

"घाम आहे," काका म्हणाले. मग त्या रेघांवरून बोट फिरवत, "पण काय माणूस होता गं. कोपरासुद्धा सोडला नाही."

ज्या गटाराला एवढी मेहनत, ते काही रानात बांधत नाहीत. कॅम्पची ती सपाट, छान कोरडी जागा म्हणजे एका गावाचा फरसबंद चौक निघाला. लोक चार तास चालून जे शोधत होते, त्याच्यावर तंबू ठोकून झोपत होते. मालविकाच्या अहवालात त्या नाल्याला नकाशावर ‘डी-वन’ म्हटलंय आणि खाली शोधणाऱ्याचं नाव आहे: जी. देवस्थळी, ड्रेनेज इंजिनिअर, लीड्स. मंडळात काकांचं भाषण झालं. चाळीस लोक आले. पहिला प्रश्न होता, तिथे व्हेज मिळतं का.

या सगळ्यात एकच व्यक्ती नाराज झाली, मिस पावलीता. चौक खणायचा म्हणून त्यांचं स्वयंपाकघर हलवावं लागणार होतं. "तीन वर्षं माझं सगळं नीट चाललं होतं," त्यांनी मालविकाला ठणकावलं, "त्या माणसाने जमिनीला कान लावेपर्यंत." नवी जागा मिस्टर गिरीश स्वतः निवडतील आणि पाण्याची सोयही तेच करतील, या अटीवरच त्या पुढच्या सीझनला यायला तयार झाल्या.

त्यामुळे गेल्या फेब्रुवारीत काका पुन्हा गेले, या वेळी काकूंना घेऊन. पहिल्या दिवशीच त्यांनी चर मारून दिला. मिस पावलीतांनी बादली ओतली, पाणी जाताना नीट पाहिलं आणि मान डोलावली. मग त्या काकूंना म्हणाल्या, "हा माणूस घरीही असाच असतो का?"

"घरी याहून वाईट," काकू म्हणाल्या, आणि भाजणीचा डबा उघडून तव्याकडे सरकल्या.