सारजाबाईंचा अर्ज

दहा वर्षांच्या आमदारकीत काकासाहेबांनी कुणालाही नाही म्हटलं नव्हतं. बदली, विहीर, पोराची नोकरी, काहीही मागा, ते मान डोलावून म्हणायचे, "होऊन जाईल." माणूस तृप्त होऊन फुलंब्रीला परतायचा आणि पुढच्या महिन्यात तेच मागायला पुन्हा यायचा. यात फसवणूक अजिबात नव्हती. म्हणताना काकासाहेबांना खरोखरच वाटायचं की होऊन जाईल.

त्यांची स्वतःची कारकीर्द तरी दुसरं काय होती? पोलीस ॲक्शनच्या आधी निजामाचे पोलीस भलत्याच माणसाला शोधत आले, तो सापडला नाही म्हणून यांना घेऊन गेले आणि हर्सूलच्या तुरुंगात अकरा दिवस ठेवलं. त्या अकरा दिवसांनी त्यांना आधी सरपंच केलं आणि बासष्टला आमदार. विधानसभेत ते मागच्या बाकावर बसत. शिक्षण उर्दूतून झालेलं, त्यामुळे मराठी वाक्य मनात जुळवेपर्यंत पुढचा विषय सुरू झालेला असे. सदुसष्टला ते दोनशे बारा मतांनी निवडून आले. त्या आकड्याची त्यांना इतकी धास्ती होती की पोस्टाच्या पेटीवर दोनशे बारा लिहिलेलं दिसलं तरी ते रस्ता बदलायचे.

बहात्तर साली, उमेदवारी अर्ज मागं घ्यायच्या शेवटच्या दिवशी, तीच धास्ती घेऊन ते औरंगाबादच्या कचेरीच्या व्हरांड्यात येरझारा घालत होते. दोन वाजून गेले होते. तीनला मुदत संपणार होती आणि सारजाबाईंचा पत्ता नव्हता.

सारजाबाई म्हणजे त्यांची बायको आणि, कायद्याच्या नजरेनं, त्यांच्या विरोधातली उमेदवार. छाननीत आपला अर्ज उडाला तर हाताशी असावा म्हणून पुढारी घरच्या कुणाचा तरी अर्ज भरून ठेवतात आणि आपला मंजूर झाला की तो मागं घेतात. काकासाहेब बायकोचा भरत, आणि भरतानाच मागं घ्यायच्या कागदावरही तिची सही घेऊन ठेवत. या खेपेला सारजाबाई म्हणाल्या, "ती सही मी त्या दिवशी कचेरीत येऊन करीन." समोर चाळीस माणसं बसलेली. काकासाहेब न ऐकताच म्हणाले, "होऊन जाईल." छाननीत दोघांचेही अर्ज मंजूर झाले आणि बाई करमाडला माहेरी निघून गेल्या.

आता एकाच आडनावाची दोन नावं मतपत्रिकेवर येणार. माहेर तिला मत देणार, उरलेले गोंधळून देणार. दोनशे बारा मतं तर तिच्या भावकीतच निघाली असती.

बाकावर विरोधी उमेदवार अनंतराव वकील पान चघळत बसले होते. "काकासाहेब, वहिनींना आमचा पाठिंबा जाहीर करू का? त्या बोलतात तरी."

"येतीलच त्या," काकासाहेब म्हणाले आणि घाम पुसला.

"कचेरीचं घड्याळ पाच मिनिटं पुढं आहे म्हणतात. खरं-खोटं देव जाणे."

अडीच झाले. पावणेतीनला, बाईंना आणायला पाठवलेली जीप आली. काकासाहेब धावले. "बन्सी, एवढा उशीर?"

ड्रायव्हर बन्सी खाली मान घालून म्हणाला, "बाई म्हणल्या, आधी फुलंब्रीला चल. चौघींना घ्यायचंय."

चार बायका उतरल्या, मागून सारजाबाई. त्या थेट कारकुनापाशी गेल्या. "भाऊ, एकदा मागं घेतलेला अर्ज पुन्हा जिता करता येतो का?"

"नाही बाई. मागं घेतला की संपलं."

"मग आधी ह्यांच्याशी बोलते." त्या वळल्या. "त्या स्टँडचं काय झालं?"

मागच्या वैशाखात त्या नऊ महिने भरलेल्या सुनेला घेऊन फुलंब्रीच्या बसस्टँडवर तीन तास अडकल्या होत्या. बायकांना जायला जागा नव्हती. शेवटी दोघींनी लुगड्याचा आडोसा धरला, तोही नेमका काकासाहेबांच्या नावाच्या कोनशिलेपुढं.

"होऊन जाईल म्हटलं ना. सही कर आधी."

"सभागृहात कधी बोलला?"

काकासाहेबांनी आवाज उतरवला. "अगं, तिथं मोठी माणसं असतात. तसला शब्द कसा काढायचा?"

"मग हितं काढा."

काकासाहेबांनी घड्याळाकडं पाहिलं. "महिलांची सोय करू."

"कसली? हळदीकुंकवाची?"

"स्वच्छतेच्या दृष्टीनं जे काय असतं ते."

चौघींतली चतुराबाई म्हणाली, "ह्यांना नुसतं बोलायला इतकं जड जातंय. आमी दिवसभर दम धरून बसतो."

काकासाहेब निजामाच्या शाळेला शरण गेले. "पेशाबखाना," ते पुटपुटले.

"उर्दूत लाज वाटत नाय व्हय? मराठीत सांगा, आन् अनंतरावांना ऐकू जाईल असं."

"त्यांचा काय संबंध?"

"त्यांचाच संबंध हाय. तुमी बांधाल ह्याचा मला भरवसा नाय. नाय बांधली तर ते गावोगाव सांगतील, ह्याचा लई भरवसा हाय."

अनंतरावांचं पान चघळणं थांबलं. काटा तीनच्या जवळ सरकला होता. काकासाहेबांनी डोळे मिटले आणि उभ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं भाषण केलं. "फुलंब्रीच्या स्टँडवर बायांसाठी मुतारी बांधीन. पावसाळ्याच्या आत."

झाडाखालचे स्टँपवाले माना वर करून बघायला लागले. सारजाबाई टेबलापाशी बसल्या. सही करायला त्यांना अक्षरागणिक वेळ लागे, आणि प्रत्येक अक्षराला काकासाहेब घड्याळाकडं बघत होते. कारकुनानं कागद ओढून घेतला, वेळ लिहिली: दोन अठ्ठावन्न.

संध्याकाळी फुलंब्रीत सभा होती. अनंतरावांचा लाउडस्पीकर मुतारीचं वचन सांगत आधीच गावभर फिरून गेला होता. काकासाहेब उभे राहिले तेव्हा पुढच्या सतरंजीवर, पहिल्यांदाच, बायका बसल्या होत्या. ते काही बोलायच्या आत एक म्हातारी उठली.

"साहेब, मागल्या अंगाला बांधा. पुढं पानाची टपरी हाय, गडी बसतेत."

काकासाहेबांनी भाषणाचा कागद उलटा केला आणि लिहून घेतलं.

"आन् कडी आतून पायजे," दुसरी म्हणाली.

त्यांनी तेही लिहिलं. तिसरी उठत होती.