आवाज बसला तेव्हा

जानेवारीतल्या एका सकाळी कॉलेजला निघायच्या घाईत होते, तेवढ्यात तिचा फोन आला. मी "बोल गं" म्हटलं, पण पलीकडून काही ऐकू येईना. नुसता श्वास, आणि मग घशात काहीतरी घासल्यासारखी खरखर. फोन कट झाला. पाठोपाठ मेसेज आला, "मॅडम, आवाज निघूनच नाही राह्यला. कालचा प्रयोग कसाबसा केला. आज पण आहे. काय करू?"

मी पायातल्या चपला काढल्या आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून तो मेसेज पुन्हा वाचला. मग कॉलेजात रजा कळवली आणि यांना म्हटलं, "गाडी काढा. वडशाला जायचंय."

ही मुलगी घाटंजीच्या पुढच्या एका बंजारा तांड्यावरची. मी यवतमाळात कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आणि रविवारी एका जुन्या शाळेच्या हॉलमध्ये मुलांकडून नाटकाची तालीम करून घेते. सुरुवातीला ते सगळं स्पर्धांपुरतं होतं. स्पर्धा झाली की मुलं पांगायची. कोणी मोबाइलच्या दुकानात लागायचं, कोणी पोलीस भरतीच्या मागे धावायचं. पुढे मात्र मुलं सरळ विचारायला लागली, "मॅडम, हेच करून जगता येते का?" मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी शोधायला लागले. कोणती मंडळी नवख्यांना घेतात, मुलींची राहायची सोय कुठे धड असते, बोलणी करताना आधी काय विचारून घ्यायचं, नाही कसं म्हणायचं. पुण्या-मुंबईला जाऊन खोली घेऊन वाट बघत बसणं आमच्याकडच्या फार थोड्या घरांना जमतं. त्यामानाने पूर्व विदर्भातली झाडीपट्टी जवळ. तिथे दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी तिकीट लावून नाटकं होतात, आणि वडशात तर नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या किराणा दुकानांसारख्या ओळीने आहेत. तिथे नाटक हा सरळसरळ धंदा आहे आणि नट त्यावर घर चालवतात. आमच्या यवतमाळच्या नाटकवाल्यांना ते जरा खालचं वाटतं. मला तसं वाटेना, म्हणून मी मुलांना तिकडे नेऊ लागले.

ती माझ्या हॉलमध्ये आली तेव्हा अकरावीत होती. पहिल्या नाटकात तिला गर्दीतल्या बाईचं एकच वाक्य होतं. ते तिने म्हटलं आणि मागच्या भिंतीपाशी पंखा दुरुस्त करणारा माणूस शिडीवरून वळून बघायला लागला. ती ओरडली नव्हती. आवाजच तसा होता, सरळ जाऊन पोचणारा. मी विचारलं, "कुठे शिकलीस?" तर म्हणाली, "कुठंच नाही. तांड्यात लग्न असलं का नवरी ढावलो म्हणते ना, एकेकीच्या गळ्यात पडून, रडत रडत, सुरात. थे ऐकून ऐकून." गाणंही तिचं तसंच होतं, वरच्या पट्टीत मोकळं.

बी.ए. झाल्यावर मी तिला वडशाला घेऊन गेले. एका कंपनीच्या निर्मात्याने दोन गाणी आणि एक प्रवेश ऐकला आणि नायिकेच्या धाकट्या बहिणीचं काम दिलं. घरी बाप एवढंच म्हणाला, "तुम्ही म्हणता तं पाठवतो." आई चुलीपुढून उठली नाही. पहिल्या हंगामाच्या मध्यात नायिका दुसऱ्या कंपनीत गेली आणि ती जागा हिच्याकडे आली. पोस्टरवर मधोमध हिचा फोटो. तो तिने मला पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, "मॅडम, मी." हा तिचा दुसरा हंगाम होता आणि कंपनीला गावोगावच्या तारखा भरभरून होत्या.

त्या दिवशी आम्ही दोघं वडशाला पोचलो तेव्हा ती कलाकारांच्या खोलीत गळ्याला मफलर गुंडाळून बसली होती. सर्दी झाली होती, तरी ती रोज प्रयोगाला उभी राहिली होती. झाडीपट्टीत माईक वर टांगलेले असतात. त्यांच्यापर्यंत पोचायचं, समोरच्या गर्दीच्या गलक्यावरून पोचायचं, आणि थंडीत उघड्यावर. कोणी ज्येष्ठमध दिलं, कोणी आलं, कोणी कसल्याशा गोळ्या. मला बघून ती उठली आणि तोंड उघडलं. तोंड हललं, पण आवाज आला नाही. तेव्हा पहिल्यांदा मी तिला घाबरलेलं पाहिलं.

यवतमाळच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तोंडातून कॅमेरा घातला आणि आम्हाला पडद्यावर दाखवलं. दोन्ही स्वरतंतूंच्या कडांवर बारीक गाठी, घट्ट्यासारख्या. "अजिबात बोलायचं नाही," ते म्हणाले. "कुजबुजायचंही नाही. काही आठवडे पूर्ण शांत, मग आवाजाचे व्यायाम. नाही बसल्या गाठी तर ऑपरेशनचा विचार."

"गाणं?" मी तिच्या वतीने विचारलं.

"आधी बोलू तर द्या तिला," डॉक्टर म्हणाले.

मी तिला आमच्याच घरी ठेवलं. ती घरात वावरायची, भांडी लावायची, यांच्यासोबत टीव्हीवर क्रिकेट बघायची, आणि एवढ्या बोलक्या मुलीचा घरात काही आवाज नसायचा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी निर्मात्याचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला, कारण तिने खूण करून तसं सांगितलं.

"मॅडम, मले वाईट वाटून राह्यलं," तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. "पण गावकऱ्यांनी तिचा फोटो पाहून नाटक घेतलं आहे. तुम्ही तिले फक्त उभी राहू द्या. मागून दुसरी पोरगी बोलून घेईन. नाही तं मले नवी नायिका घ्याच लागते."

ती जोरजोरात मान हलवत होती. जाते, जाते. डोळ्यांत पाणी.

"नाही जमणार," मी म्हटलं. "उभी राहिली की ती बोलणारच. तिला राहवणार नाही."

"मंग माह्या हातात काही नाही," तो म्हणाला आणि फोन ठेवला. ती आतल्या खोलीत गेली आणि दार आपटलं. त्या दिवशी जेवली नाही. मी दाराशी उभं राहून बोलत राहिले, आणि बोलता बोलता मला जाणवलं की ती भांडूही शकत नाही. एकटीच बोलत होते मी.

आठवड्याभरात तिची आई आली. घाटंजीच्या बसने, तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन. खुर्ची दिली तरी दारापाशी खालीच बसली. लेकीच्या गळ्यावरून हात फिरवला, मग माझ्याकडे वळली.

"तुमच्या हवाली केली तवा बोलत होती."

मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं समजावून सांगितलं. गाठी, विश्रांती, व्यायाम. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमचं पोरगं काय करते?"

"पुण्याला आहे. कंपनीत."

"मंग त्याले काहून नाही पाठवलं नाटकात?"

त्याला आवड नाही, असं मी म्हटलं. ते खरं होतं. तरी त्या खोलीत ते काही बरोबर उमटलं नाही. मुलगी आमच्या दोघींच्या मध्ये येऊन बसली, तिने आईचा, तिच्या भाषेत याडीचा, हात धरला आणि तोंड उघडलं. "बोलू नको!" मी ओरडले, आणि त्याच क्षणी आईही तिच्या बोलीत तेच ओरडली. मग आईने लेकीची बॅग भरायला घेतली. मी अडवलं नाही. जाताना मुलगी माझ्या पाया पडली आणि मान वर न करता रिक्षात बसली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. बातमी पसरते तेव्हा ती घशापुरती राहत नाही. "तिकडं काय झालं त्या पोरीचं?" असं मला भाजीवालीनेही विचारलं, आणि विचारताना आवाज खाली आणला. स्टाफरूममधल्या एका बाईंनी कपात चहा ओतता ओतता म्हटलं, "मुलींना तिकडे पाठवायचं म्हणजे, बघा बाई." मी "तिचा घसा बसलाय" म्हटलं की समोरचा माणूस मान डोलावायचा, पण त्याला तेवढंच पुरत नसे. कळंबहून येणाऱ्या एका मुलीला तिच्या वडिलांनी थांबवलं. रविवारच्या हॉलमध्ये सतरंजीचा अर्धा भाग रिकामा राहू लागला. उरलेल्या मुलांना मी श्वासाचे व्यायाम देत होते आणि माझ्या मनात येत होतं, मी यांना कुठे पाठवतेय?

तिला परत तपासायची वेळ आली तेव्हा मी तांड्यावर गेले. होळी जवळ आली होती. मोकळ्या जागेत बायका-माणसं लेंगी, त्यांची होळीची गाणी, म्हणत, टाळ्या देत गोल फिरत होती. ती कडेला एका खाटेवर बसून नुसती बघत होती. ओठसुद्धा हलत नव्हते. बाप मला बघून पुढे आला. मला वाटलं, आता हाही बोलणार.

"एक शब्द बोलू देला नाही तिले," तो म्हणाला. "पोट्टे मुकी मुकी म्हणून चिडवत होते, त्यायले हाकललं. डॉक्टरची तारीख माह्या ध्यानात हाये. उद्या मीच आणणार होतो."

"तुमचा राग नाही माझ्यावर?"

"हाये नं. काहून नसन?" तो म्हणाला. "पण कापूस येचून येचून बाईचे बोटं चिरले तं तिले जन्मभर घरी बसवते का कोणी? बोटं बरे होऊ देते. आता नाटक हाच धंदा हाये तिचा. बरी झाली का जाईन."

आई घराच्या दारात उभी होती. हे ऐकून ती आत निघून गेली.

डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली त्या दिवशी मी आणि तिचा बाप दोघंही तिथे होतो. "काहीही बोल," डॉक्टर म्हणाले. तिने आधी बापाकडे पाहिलं, नंतर माझ्याकडे. मग म्हणाली, "मॅडम." आवाज खालचा, जाड, कडेला खरखरीत. ती स्वतःच दचकली. बाप हसला आणि गमछ्याने डोळे पुसत बाहेर गेला.

उन्हाळा आणि पावसाळा व्यायामात गेला. दर आठवड्याला घाटंजीहून बस, यवतमाळात तासभर हुंकार आणि लांब स्वर, परत बस. ऑपरेशन लागलं नाही. बोलणं पक्कं झालं, पण वरच्या पट्टीत गेली की आवाज फाटायचा, दर वेळी, त्याच जागी. एकदा माझ्याच स्वयंपाकघरात तिने जुनं गाणं धरलं, त्या जागी आली, फाटलं, पुन्हा धरलं, पुन्हा फाटलं. मी गॅस बंद केला. "झालं," ती म्हणाली. "आता नाही म्हणणार मी."

तिच्या जुन्या कंपनीत नायिकेची जागा भरली होती. मी बाकीच्यांना फोन करत राहिले. बहुतेकांचा पहिला प्रश्न, गाते का? शेवटी एका निर्मात्याला तिचा नवा आवाज आवडला. काम होतं सुनेला छळणाऱ्या सासूचं.

"सासू?" ती भडकली. "माहं वय काय, मॅडम? एकदा म्हातारीचे केस लावले का थेच लावतील जन्मभर!"

"तसं होईलही," मी म्हटलं. मला खोटं सांगवेना. "नाही म्हण. आपण अजून शोधू."

"किती शोधसान?" ती म्हणाली. मग माझ्या हातातल्या संहितेकडे बोट दाखवलं. "वाक्य वाचून दाखवा एक."

मी वाचलं. तिने तेच वाक्य त्या जाड आवाजात म्हटलं, सावकाश, न ओरडता. माझ्या अंगावर काटा आला. तिलाही ते कळलं असावं, कारण तिने संहिता माझ्या हातातून घेतली आणि पुढचं स्वतःच वाचायला लागली.

दिवाळीआधी मी तालमीला वडशाला गेले, तेव्हा ती निर्मात्याशी वाद घालत होती. तिला स्वतःचा कॉलरचा माईक हवा होता आणि लागोपाठ प्रयोग नको होते. "बाकीच्या बाया असं काही मागत नाही," तो म्हणाला. "मी मागून राह्यली," ती म्हणाली. माईक मिळाला. प्रयोगांचं मात्र त्याने हंगाम बघून ठरवू म्हणत टाळलं. ती मला म्हणाली, "पाहू." मी तिच्या गळ्याकडे बघत होते. हल्ली मी तिच्या चेहऱ्याआधी तिथेच बघते.

तिचं काम आता चांगलं चाललंय. लोक शिव्या घालतात म्हणजे भूमिका जमली, असं ती सांगते. गाणं परत आलेलं नाही. रविवारी काही नवी मुलं येतात. त्यांच्या आईवडलांना मी हे सगळं पहिल्याच दिवशी सांगते, आणि त्यातले काही पुन्हा येत नाहीत.

तिची आई मध्यंतरी घाटंजीच्या बाजारात भेटली. माझ्या घरी ती त्यानंतर कधी आली नाही. मिरच्यांच्या ढिगापाशी आम्ही समोरासमोर आलो, त्यामुळे दोघींनाही टाळता आलं नाही.

"जेवते का तिथं बराबर?" तिने विचारलं.

"जेवते. मी बघून आले."

ती मिरच्या निवडत राहिली.

"मागच्या खेपेले घरी आलती," ती म्हणाली. "मी चुलीपाशी होती. तिनं मांगून याडी म्हणून हाक मारली. मले वाटलं, कोणती बाई आली बाप्पा."

तिने पिशवी उचलली आणि कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसलेल्या बाईकडे गेली.