पहिल्या चुलीचा विस्तव

आमचं गाव दोनदा वसलं. पहिल्यांदा ते कुणी वसवलं हे कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळे त्यावर भांडायला सगळ्यांना मुभा आहे. दुसऱ्यांदा मात्र ते आमच्या डोळ्यांदेखत वसलं. नदीवर धरण झालं, जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि सरकारनं वडवणीच्या अंगाला एका मुरमाड माळावर चुन्याच्या रेघा मारून आम्हाला नवं गावठाण दिलं. त्यालाही आता चाळीस वर्षं उलटून गेली.

शाळेतली नोकरी संपल्यावर मी वडिलांपाशी राहायला आले आणि रिकामपणाचा उद्योग म्हणून दोन लहान पुस्तकं लिहिली. ती गावात कुणी वाचली नाहीत, पण लेखिका म्हणून माझं नाव झालं. मग एके दिवशी ग्रामपंचायतीतली मंडळी ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, नव्या गावाचा इतिहास लिहा, जुनी माणसं चालली, माळावर पहिल्यांदा कोण आलं, कुणी काय केलं, सगळं येऊ द्या. मी हो म्हणाले आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

कारण दुसऱ्या दिवसापासून दारात रीघ लागली. कुणाच्या बापानं माळावरचा पहिला लिंब लावला होता, कुणाच्या आज्यानं पहिली गिरणी आणली होती. एका लिंबाला तीन बाप निघाले. मी मुळात तापट. तिसऱ्याला म्हटलं, "लिंबालाच विचारून येते." तो रागावून गेला आणि संध्याकाळी आज्याचा फोटो घेऊन परत आला.

माळावर सगळ्यात आधी राहायला कोण आलं, यावर मात्र एकही भांडण नव्हतं. ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच ते अभिमानानं सांगत नव्हतं.

ते घर म्हणजे रस्त्यापलीकडच्या काकूंचं. आमचीच भावकी. काकूंचे मालक वडिलांचे चुलतभाऊ, वडिलांपेक्षा थोरले. जुन्या गावात वडील पुढारी होते. 'आधी जमीन, मग घर' असं त्यांनी गावाकडून वदवून घेतलं होतं. पडीक माळ दाखवून सरकार हात झटकतंय, एकही घर हललं नाही तरच आपलं ऐकतील, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. सगळ्यांनी मारुतीसमोर शब्द दिला. आणि पावसाळ्यात धरणाचं पाणी चढू लागलं तसं काकूंच्या घरानं गाडी जुंपली आणि माळाची वाट धरली. झालं, साहेब लोक म्हणाले, गाव तयार झालं की. वडिलांच्या हातचं सगळं गेलं. ते घर निघायच्या बेतात आहे हे कळलं त्याच रात्री त्यांनी चावडीवर सांगून ठेवलं होतं, "त्या घराला कुणी पाणी द्यायचं न्हाई आन् त्यांच्या घरचं प्यायचं न्हाई."

पुढं वर्षभरात सगळं गाव त्याच माळावर आलं. आमचं घर शेवटचं. सरकारी चिठ्ठीत जागा निघाली ती नेमकी काकूंच्या समोर. हळूहळू गावानं पाणीबंदी सोडली, लग्नकार्यात त्यांना बोलावणं जाऊ लागलं. वडिलांनी मात्र सोडली नाही. त्या घराला 'गद्दाराचं घर' म्हणायची लोकांना सवय लागली ती लागलीच. पत्ता सांगतानाही म्हणत, गद्दाराच्या घरावरून डावीकडं.

हे सगळं मी ऐकून लिहिलं. गाव उठलं तेव्हा मी शिरूर कासारला मामाकडं शाळेला होते, पहिलीपासूनच. परत आले ती थेट माळावरच.

पुस्तकातलं पहिलं प्रकरण काकूंवर लिहिलं. छापायच्या आधी त्यांना वाचून दाखवावं म्हणून एका सकाळी कागद घेऊन रस्ता ओलांडला. काकू दारात बसून सुपात डाळ निवडत होत्या. ऐंशी कधीच ओलांडलेल्या, पण खडा नजरेतून सुटत नाही.

"पुस्तकात तुमचं काय यावं असं वाटतं?" मी विचारलं.

"पुस्तकात काय बी नगं बाई. ह्यांची एकच इच्छा हुती, भावजींनी एकदा आमच्या दारात पाणी प्यावं. ते तसेच गेले. आता मी हाय तवर व्हावं, एवढंच." एवढं बोलून त्यांनी एक खडा टिपून बाहेर फेकला. "वाच तू."

मी वाचू लागले. गद्दार हा शब्द आला तेव्हा माझा आवाज अडखळला, त्यांचा हात नाही. साहेब, चावडी, पाणीबंदी, सगळं त्यांनी शांतपणे ऐकलं. मग माझं आवडतं वाक्य आलं. 'उजाड माळावर त्या माउलीनं थरथरत्या हातांनी काडी ओढली आणि नव्या गावाची पहिली चूल पेटली.'

सूप थांबलं.

"हे काडीचं कुणी सांगितलं तुला?"

कुणीच सांगितलं नव्हतं. हात थरथरल्याचंही नव्हतं. वाक्य बरं दिसत होतं, म्हणून ठेवलं होतं. नोकरीभर पोरांच्या निबंधातून असली वाक्यं मी लाल शाईनं खोडत आले आणि स्वतः मात्र खुशाल लिहून बसले.

"मीच लिहिलं," मी म्हणाले.

"मंग खोड ते. काडी न्हाई वढली मी. नव्या जागी पैली चूल कुणी काडीनं पेटवतंय व्हय? जळत्या चुलीचा इस्तू न्यावा लागतोय. आमी काय वाऱ्यावर गेलतो?"

"म्हणजे तुमच्या चुलीतला विस्तव घेऊन आलात?"

"आमच्या चुलीत तीन दिस पाणी हुतं."

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. काकूंचं घर खालच्या आळीला, नदीच्या बाजूला होतं. आमचं वर, टेकाडावर. धरणाचं पाणी आधी त्यांच्या उंबऱ्याला लागलं, चुलीत शिरलं. घरात अंथरुणाला खिळलेली सासू होती, तिला ओल्या भुईवर निजवायची पाळी आली. आम्हाला शब्द पाळणं सोपं होतं, आमचे पाय कोरडे होते. इतक्या लोकांच्या तोंडून इतिहास गोळा केला, पण घरं कुठं होती हे मी विचारलंच नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

"मग विस्तव कुणी दिला? पाणीसुद्धा द्यायचं नाही असं ठरलं होतं ना?"

काकूंनी सूप बाजूला सारलं. भिंतीला धरून उठल्या, आत गेल्या. पत्र्याचा डबा उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी माझ्या हातात एक पितळी ताटली दिली. वरून लख्ख, पण पालथी केली तर मधोमध काळा डाग, वर्षानुवर्षं घासूनही न गेलेला. काठावर नाव कोरलेलं होतं. माझ्या वडिलांचं.

आमच्याकडं भांड्यांवर नाव पुरुषाचं घालतात, घासते मात्र बाई.

"तुझी आई आलती," काकू म्हणाल्या. "गाडी जुंपलीवती, उजाडायचं हुतं. मागल्या दारानं आली. मातीच्या परळात राख, राखंत इंगळ, वर ही ताटली झाकलेली. म्हणली, बाई, नव्या जागी बिनइस्तवाचं ऱ्हाऊ नका. आन् आमच्या ह्यांना सांगू नका. मी शबूद दिलता तिला."

"मग आता का सांगितलंत?"

"तू काडी लिवलीस म्हणून. एकदा छापली की तीच खरी व्हईल."

मी ताटली पुन्हा पालथी करून डाग पाहिला. विचारलं, "इतक्या वर्षांत ताटली परत का नाही दिली?"

"कशी देऊ? रिकामी ताटली कुणी परत देतंय का? आन् भरून दिली असती तर तुमच्या घरी त्यातलं खाल्लं कुणी असतं?"

त्या दिवशी त्यांनी ताटलीत गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाणे घातले आणि ती माझ्या हाती दिली.

घरी येऊन मी ताटली माझ्या कपाटात ठेवली. खरं सांगते, आधी मला आईचा राग आला. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती. जन्मभर ती त्या घरासमोर राहिली आणि माझ्यापाशीही कधी बोलली नाही. मग आठवलं, की आईची अंगण झाडायची वेळ आणि काकूंची वेळ रोज एकच असायची. दोघी आपापल्या बाजूनं रस्त्यापर्यंत झाडत यायच्या, एकमेकींकडं बघायच्या, आणि केर भरून मागं फिरायच्या. मला वाटायचं, धूळ कुणाच्या दारात जाते यावर लक्ष ठेवतात. ते आठवून मी खूप रडले.

दोन दिवस वडिलांना सांगायचं धाडस झालं नाही. नव्वदीला टेकलेला माणूस. हयातीत एका गोष्टीचा त्यांना अभिमान, की आपण शेवटपर्यंत हललो नाही आणि आपलं घर फुटलं नाही. ते घर पहिल्याच दिवशी मागल्या दारानं फुटलं होतं, हे सांगून त्यांच्या हाती काय राहणार होतं? पण लिहायचं तर खरं लिहायला हवं होतं, आणि ते त्यांना पुस्तकातून कळावं हे मला पटेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर उन्हाला बसले होते. मी ताटली तशीच, गूळ-शेंगदाण्यांसकट, त्यांच्या मांडीवर ठेवली. डोळ्यांनी त्यांना आता फारसं दिसत नाही. त्यांनी काठावरून बोट फिरवलं, नावावर थांबलं, पुन्हा फिरवलं.

"कुठं घावली?"

"काकूंकडं." आणि मग मी सगळं सांगितलं. परळ, राख, मागलं दार, चुलीतलं पाणी. काही गाळलं नाही, काही घातलंही नाही.

त्यांचा चेहरा मला वाचता येईना. रस्त्यावरून कुणीतरी रामराम घातला, त्यालाही त्यांनी ओ दिली नाही.

"अशा सहा हुत्या," ते म्हणाले. "हिकडं आल्यावर पाच निघाल्या. तुझी आई म्हणली, एक पाण्यात गेली."

"दादा, पुस्तकात लिहू का हे?"

त्यांनी ताटलीत हात घातला. चाचपून गुळाचा खडा उचलला आणि तोंडात टाकला. जुन्या दातांनी तो फोडता येईना, म्हणून चघळत राहिले.

"मी म्हणलतो, पाणी देऊ नका," ते म्हणाले. "इस्तवाचं काय बोललो नव्हतो."

मला हसू येणार होतं, पण त्यांच्याकडं बघून ते आलं नाही. त्यांचं बोट पुन्हा काठावरच्या नावावर गेलं होतं.

"लिव्ह. आन् काठी दे माझी."

आमच्या दारापासून काकूंच्या दारापर्यंत वीस पावलं. वडिलांना ती चालायला वेळ लागला. मी हात धरायला गेले तर त्यांनी झटकला. पलीकडं काकूंनी सूप खाली ठेवलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि रोज येणाऱ्या माणसाला म्हणावं तसं म्हणाल्या, "या भावजी. बसा. च्या ठिवते."

वडील ओट्यावर टेकले. धाप लागली होती.

"वैनी, च्या मागून. आधी पाणी द्या."

तांब्या भरून आणायला काकू आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. मी उठू लागले तर वडिलांनी हातानंच मला बस म्हटलं, आणि ते वाट बघत राहिले.