खंडेनवमीच्या जोड्या

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला! पण चहा पाजलाय, तर सांगतो. फक्त मधे मधे हसू नका.

चाकणच्या आमच्या कंपनीत सुपरवायझरची जागा निघाली. मी प्रेस शॉपमध्ये केस पांढरे केलेला माणूस, नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखतो. पण साहेबांनी विचारलं काय, तर "खैरनार, एक्सेल येतं का?" झालं! मशीनचं दुखणं कळून काय उपयोग, ते चौकटीत भरता आलं पाहिजे ना!

मला ती जागा हवीच होती. मग काय, लागलो शिकायला. रहाटणीच्या घरी लेकीचा लॅपटॉप मांडीवर घेतला आणि मोबाईलवर व्हिडिओ बघत बसलो. रकाना रुंद करता आला, त्याला पिवळा रंग देता आला, आणि मला वाटायला लागलं, माझ्या एक्सेलशिवाय कंपनी इतकी वर्षं चालली तरी कशी? मंगलला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, मी रोज नवं ज्ञान द्यायचो. ती पोळ्या लाटता लाटता नुसतं "हो का?" म्हणायची. मला वाटायचं, कौतुकच करतेय!

तेवढ्यात खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी मशीनची पूजा असते आणि प्रत्येक मशीनपुढे एकेक जोडपं बसतं. साहेब म्हणाले, "यंदा जोड्यांचा तक्ता तुम्हीच करा. बघू, हात किती बसलाय." म्हणजे परीक्षाच की हो!

तक्ता झकास झाला. डावीकडे नवरे, उजवीकडे त्यांच्या बायका. माझ्या शेजारच्या मशीनवरचा बाळूभाऊ गाडे, मूळ चाकणचाच माणूस, मागे उभा राहून म्हणाला, "झालं की राव! दे आता छापायला."

असं कसं छापायला? नावं अक्षरांच्या क्रमाने नकोत? मी नवऱ्यांचा रकाना निवडला आणि सॉर्टवर टिचकी मारली. कॉम्प्युटरने अदबीने विचारलं, शेजारचा रकानाही सोबत घेऊ का? आता तुम्हीच सांगा, आपलं काम सोडून शेजारच्यांच्या भानगडीत पडायचं कशाला? मी ठणकावून 'नको' म्हटलं. नवरे निमूटपणे क्रमाने उभे राहिले. बायका जागच्या हलल्या नाहीत. त्या कशाला माझं ऐकतील?

फाईल थेट फ्लेक्सवाल्याकडे पाठवली. खाली 'तक्ता : संजय खैरनार' हे टाकायलाही विसरलो नाही.

सण उजाडला. मंगलला घेऊन कंपनीत पोचलो, तर गेटवर झेंडूच्या माळा, भलामोठा फ्लेक्स आणि त्याच्यापुढे ही गर्दी. सगळे खो खो हसतायत! बाळूभाऊने मला खांद्याला धरून पुढे ओढलं.

"संज्या, तुझी आन् आमच्या कारभारणीची, वैशालीची जोडी कुणी लावली रं?"

"काय बोलतोयस तू?"

"वाच की! माझी काय बी हरकत न्हाई भावा. पर तिच्या हातचं तिखट तुला झेपायचं न्हाई. येकदा इच्यार कर."

वाचत गेलो तसा घाम फुटत गेला. एका टिचकीत मी अख्ख्या कंपनीचे संसार मोडले होते. नुकतंच लग्न झालेल्या पोरापुढे रिटायरमेंटला आलेल्या काकूंचं नाव! आणि साहेबांच्या नावापुढे? सौ. मंगल!

साहेब मागेच उभे होते. शेजारी त्यांच्या मॅडम, तोंडाला पदर लावून. साहेब शांतपणे म्हणाले, "खैरनार, शेजारचा रकाना सोबत घ्यायचा असतो. सुपरवायझरचं... पुढच्या वर्षी बघू."

मग काय करणार? शिडीवर चढलो आणि कागदाच्या पट्ट्या चिकटवून एकेकाची बायको ज्याची त्याला परत केली. खाली उभा राहून बाळूभाऊ मोठ्याने नावं सांगत होता, तेही नको तेवढ्या मोठ्याने.

पूजेला मंगल माझ्याशेजारी बसली, पण हातभर अंतर ठेवून. घरी जाताना गाडीवरही मधे पिशवी ठेवून बसली. माझा जीव टांगणीला. शेवटी काळेवाडीच्या सिग्नलला धीर करून विचारलं, "रागावलीस का गं?"

"रागावू नको तर काय करू?" ती म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमच्या हातून माझं भलं झालं होतं. तेसुद्धा शिडीवर चढून खोडून टाकलंत!"