वासकाकूचा प्रवेश

या ग्रुपवर मी दोन वर्षं नुसती वाचक आहे. आणि खरं सांगायचं तर टिंगल करणारी वाचक. कोणाला वडाखाली बाई दिसली, कोणाच्या मामाला चकवा लागला... मी स्क्रीनशॉट काढून मैत्रिणींना पाठवायचे. आमच्या घरात भुताखेतांचं कोणी काही मानत नाही, त्यामुळे आज इथे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. यात भीतीपेक्षा माझी लाज जास्त आहे, आणि ती बाजूला ठेवून हा अनुभव सांगताच येत नाही.

आम्ही अंबरनाथला मोरिवलीत राहतो. एमआयडीसीच्या कंपन्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. बाबा स्टेशन ते एमआयडीसी शेअर रिक्षा चालवतात. आई एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या करते. गेल्या वर्षी मी उल्हासनगरच्या एका कॉलेजमध्ये एफवायला होते. एक जादा विषय घ्यायचाच होता, म्हणून ‘नाटकाची ओळख’ घेतला. मार्क सोपे असतात असं सीनियर्सनी सांगितलं होतं.

आता आईची एक सवय सांगते. आई कुठेही गेली — लग्नाचा हॉल, दवाखाना, माझी शाळा — की दारातच थांबते. चौकटीला हात लावते, हनुवटी वर करते आणि दोनदा वास घेते. अगदी आवाज होईल इतक्या जोरात. मग विचारते, “वास येतोय का गं?” आणि आत आल्यावर दाराजवळचीच खुर्ची धरते. सहावीत पालकसभेला तिने असं केलं तेव्हा मागच्या बाकावरची मुलं फिदीफिदी हसली होती. त्यानंतर मी तिला शाळेत येऊच दिलं नाही. सभा रद्द झाली, असं सांगायचे.

कॉलेजात सरांनी पहिलाच अभ्यास दिला तो निरीक्षणाचा. “तुमच्या आजूबाजूचा एक माणूस वर्गात घेऊन या,” सर म्हणाले, “नक्कल नकोय मला. माणूस हवाय.” सगळ्यांनी भाजीवाले, टीसी, वॉचमन केले. माझा नंबर आला आणि मी वर्गाच्या दारातून आईसारखी आत आले. हात चौकटीला, हनुवटी वर, दोनदा वास. “वास येतोय का गं?”

वर्ग हसत सुटला. टाळ्या, शिट्ट्या. आयुष्यात पहिल्यांदा चाळीस जण माझ्याकडे बघत होते, आणि ते मला आवडलं... फार आवडलं. सरांनी विचारलं, “कोण आहेत या?”

मी म्हणाले, “आमच्या चाळीतल्या एक काकू.”

एवढ्या सहज बोलले की मला वेगळं असं काही वाटलंसुद्धा नाही.

सेमिस्टरच्या शेवटी प्रॅक्टिकल म्हणून आमच्या गटाला वीस मिनिटांचं नाटक बसवायचं होतं. सोसायटीच्या बायकांची मीटिंग, असा साधा विषय. त्यात सगळ्यांनी ठरवून माझ्यासाठी ‘वासकाकू’ हे पात्र घातलं. तालमीत रोज हशा. घरी आई विचारायची, “कसलं काम गं तुझं?” मी सांगायचे, “गर्दीत उभी असते.” प्रॅक्टिकलला पालकांना बोलावलं होतं, हे तर मी घरी सांगितलंच नाही.

प्रयोग सकाळी अकराला कॉलेजच्या हॉलमध्ये होता. नीरज म्हणून आमचा एक सिंधी मित्र म्युझिक सांभाळायचा, त्याने मोबाइल स्टँडवर लावून पूर्ण प्रयोग शूट केला. पुढचं बरंचसं मला त्या व्हिडिओमुळेच माहीत आहे. माझ्या डोक्यात त्यातलं अर्धंही नाही.

माझी एंट्री झाली. चौकट म्हणून दोन बांबू उभे केले होते. मी हात ठेवला, हनुवटी वर केली, पहिला वास घेतला. हशा आला. दुसरा वास घेतला — आणि खरंच वास आला.

कसला ते सांगणं कठीण आहे. कुजलेल्या लसणासारखा, पण त्याखाली काहीतरी लोखंडी, घशाला टोचणारं. मोरिवलीत वाढलेय मी, कंपन्यांचे वास मला नवीन नाहीत. हा मी कधीच घेतला नव्हता. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. यानंतरचं मला फक्त एवढं आठवतं, की खाली सिमेंटची ओली जमीन होती. आमच्या स्टेजला तर लाकडी फळ्या आहेत.

व्हिडिओत असं दिसतं: मी एकदम स्टेजच्या उजव्या कोपऱ्याकडे धावते. खाली वाकते. तिथे कोणीही नाही, पण मी कोणाचा तरी हात दोन्ही हातांनी ओढतेय. आणि ओरडते, “शेवंते, ऊठ! अगं चपला राहू दे! शेवंते!” आवाज माझाच आहे. सूर माझा नाही. मग मी गप्प होते, मान तिरकी करून कान देते, कोणीतरी काही सांगत असल्यासारखी. बराच वेळ. मग माझ्या मुठी उघडतात, आणि मी स्टेजवरून उतरून हॉलच्या दारातून सरळ बाहेर पळत जाते.

लोक आधी हसले, मग शांत झाले. आणि मग टाळ्या वाजल्या. त्यांना तो नाटकाचाच भाग वाटला.

मी भानावर आले ती बाहेर, पाण्याच्या नळापाशी. नीरज मागून धावत आला. “अरे क्या था वो? स्क्रिप्टमध्ये तर नव्हतं यार! शेवंता कौन है?”

“मला नाही माहीत,” मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं.

तेवढ्यात त्याच्या मागे मला आई दिसली. कामावरची साडी, हातात पिशवी. हॉलच्या दाराला धरून उभी होती. शेजारच्या वहिनींनी माझ्या मैत्रिणीच्या स्टेटसवर नाटकाची जाहिरात बघितली होती आणि आईला सांगितलं होतं. ती अर्धा दिवस सुट्टी टाकून आली होती. शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत बसून तिने सगळं बघितलं होतं. वासकाकूसुद्धा.

नीरजला ती कोण ते कळलं नाही. आणि तेव्हाही “ही माझी आई” असं माझ्या तोंडून निघालं नाही. मी नुसती पर्स घेतली आणि तिच्याबरोबर चालू लागले.

घरी आल्यावर नेहमीसारखी भाकरीचं पीठ मळायला बसली. मी म्हणाले, “आई, सॉरी. मी तुझी...”

“कळलं मला,” ती म्हणाली. “मी खरंच एवढी मान वर करते?”

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ती पुढे म्हणाली, “जाऊ दे. लोक हसले ना, म्हणजे चांगलं केलंस.” मग मळता मळता थांबली. “शेवंताचं तुला कोणी सांगितलं?”

“कोण शेवंता?”

मग तिने सांगितलं, तुटक तुटक. लग्नाआधी ती एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत पॅकिंगला होती. ती कंपनी आता नाही, तिथे गोडाऊन आहे. शेवंता तिच्या बाजूच्या टेबलावर असायची. बारवी धरणाकडच्या पाड्यावरून यायची, हसरी मुलगी. तिने पहिल्यांदाच उंच टाचेच्या चपला घेतल्या होत्या. आत अनवाणी काम करायचे, म्हणून त्या टेबलाखाली ठेवलेल्या. एके दिवशी दुपारी गॅस सुटला. सगळे पळाले. शेवंता चपला घ्यायला खाली वाकली ती तिथेच बसली. आईने तिचा हात धरून ओढलं...

“ती काहीतरी बोलली,” आई म्हणाली. “पण मला श्वास घेता येत नव्हता. मी हात सोडला गं. मी पळाले.”

शेवंताला बाहेर काढलं तेव्हा ती गेलेली होती. आईने हे कधीच कोणाला सांगितलं नव्हतं. माहेरी नाही, बाबांनाही नाही. तिथे तेव्हा त्या दोघींशिवाय कोणीही नव्हतं.

“कसला वास होता?” मी विचारलं. मला स्टेजवर आलेल्या वासाबद्दल मी तिला काहीच बोलले नव्हते.

“सडक्या लसणाचा,” ती म्हणाली. “आणि लोखंडाचा.”

मी खूप डोकं चालवलंय. आई झोपेत बडबडत असेल, लहानपणी माझ्या कानावर पडलं असेल... बाबा म्हणतात, ती झोपेत कधी हूंसुद्धा करत नाही. आणि शब्द ऐकले असतील असं धरलं, तरी वास? ओली जमीन? सरांनी तर त्या ‘इम्प्रोव्हायझेशन’ला वर्गात सर्वांत जास्त मार्क दिले. मी घेतले.

पण हे एवढ्यावर संपलं नाही. त्याच दुपारी, पिठाचे हात तसेच धरून आईने मला विचारलं, “तू तिथं थांबलीस. कान दिलास. काय म्हणाली ती?”

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. शपथेवर सांगते, काही म्हणजे काहीच नाही. व्हिडिओतही तिथे फक्त पंख्याचा आवाज आहे. पण आई ज्या नजरेने माझ्याकडे बघत होती ना...

मी म्हणाले, “म्हणाली, तू हो पुढे. मी आलेच.”

आईने डोळे मिटले. मग विचारलं, “रागावली नव्हती ना?”

“नाही गं. हसत होती.”

ती रडली, मग उठून भाकऱ्या थापल्या.

ते नाव, तो वास माझ्यात कुठून आला, हे मला आजही माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला काही सुचत असेल तर सांगा, आता मी हसणार नाही. हल्ली आई शेवंताबद्दल मोकळेपणाने बोलते. बाबांना सांगितलं, मावशीला सांगितलं. सांगताना शेवटी म्हणते, “मला म्हणाली, तू हो पुढे, मी आलेच.” ते सगळं ती असं सांगते, जणू तिने स्वतःच्या कानांनी ऐकलंय. मी समोरच बसलेली असते, आणि मान हलवते.