गौरजाने खोटी पाडलेली पट्टी

गौरजा तांडेल मासे विकायची तेव्हा तिच्या पाटीत कालचा मासा नसायचा. आचऱ्याच्या बर्फाच्या कारखान्यात मी लाद्या ओढायचो. सकाळी ती यायची, लादीचा कोपरा मागायची आणि भुसा चिकटलेला तुकडा दिला की परत करायची.

"ह्या माका नको, भाऊ. लोक माशाबरोबर भुसो खातले काय?"

मी दुसरा तुकडा फोडून द्यायचो. ती बरोबर असायची, म्हणून राग यायचा नाही.

तिचा नवरा तुकाराम होडीवर जायचा. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की दुसऱ्यांच्या शेतात चिखलणीला जायचा. एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या पावसात त्याला ताप आला. पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की त्याला उभं राहवेना. कोणी थंडीतापाच्या गोळ्या दिल्या. मग डोळे पिवळे झाले, तेव्हा कोणी कावीळ म्हणून हाताला मुळी बांधली. जीपमधून नेताना वाटेतच गेला. कागदावर नुसतं 'ताप' असं लिहून आलं.

गौरजा त्यानंतर वर्षानुवर्षं एकच गोष्ट विचारत राहिली. मला विचारलं, देवळातल्या गुरवाला विचारलं, एसटीच्या कंडक्टरलाही विचारलं. "आमचे हे गेले तो ताप कसलो?" उत्तर कोणाकडेच नव्हतं. ती मात्र उत्तर येणारच आहे, गाडीला थोडा उशीर झालाय, अशा चेहऱ्याने थांबायची.

उत्तर आलं ते सात वर्षांनी. पुण्याहून डॉक्टर नीरजा आल्या. त्या तिशीतल्या, उंच, चप्पल हातात घेऊन चिखलात उतरणाऱ्या. त्यांनी देवळाच्या मंडपात गावाला सांगितलं की उंदराच्या लघवीतून एक जंतू चिखलात येतो, पायाच्या भेगेतून अंगात शिरतो आणि त्या तापाला लेप्टो म्हणतात. पोटऱ्या दुखतात, पुढे डोळे पिवळे होतात. गौरजा मागे खांबाला टेकून बसली होती. ती रडली नाही. कोणी खूप लांबून हाक मारल्यावर माणूस मान वळवतो, तशी तिने मान वळवली.

पुण्याच्या प्रयोगशाळेत या तापासाठी कागदाची एक पट्टी तयार झाली होती. बोटाच्या रक्ताचा थेंब टाकायचा. एक रेघ उमटली तर लेप्टो नाही, दोन उमटल्या तर आहे. प्रयोगशाळेत ती चालत होती. चिखलातल्या माणसावर चालते का, ते बघायचं होतं. मुंबईच्या एका न्यासाने पैसे दिले, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाने जागा आणि नर्स दिली. आणि घरोघर जाऊन थेंब घेणाऱ्या गावच्याच बायका हव्या होत्या. त्यांना शिकवणार होते. गौरजाने पहिल्याच दिवशी नाव दिलं.

शिकणं सोपं नव्हतं. मासा कापताना कोणाला विचारावं लागत नाही. इथे आधी सगळं समजावून सांगायचं, माणूस नाही म्हणाला तर हात जोडून परत यायचं. हे तिला सुईपेक्षा जड गेलं. एक दिवस बर्फ घेताना ती म्हणाली, "भाऊ, बोट दी."

"कित्याक?"

"शिकतंय."

"मगे आपल्या बोटार शीक."

"माझी धाच्या धा संपली."

मी बोट दिलं. टोचलेलं कळलंही नाही. मग पट्टीवर थेंब ठेवून ती तिच्याकडे बघत बसली. मला खूप काम होतं, तरी मीही बसलो. रेघ हळूहळू येते. ओहोटीला खाडीत वाळूचा दांडा वर येतो तशी. आधी नसते, मग असल्यासारखी वाटते, मग असते.

पहिल्या पावसाळ्यात तिने शंभरावर घरं धरली. पट्टीने लेप्टो दाखवलेली चार माणसं वेळेत औषध मिळून बरी झाली. गौरजाने मासे विकणं सोडलं. नीरजा मॅडम म्हणाल्या की पट्टी खरी ठरली तर न्यास ती जिल्ह्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात ठेवायला पैसे देईल. ते ऐकून गौरजाची पावलं जमिनीला टेकेनात. मसुऱ्याच्या केंद्रात, इन्सुलीच्या केंद्रात, जिथे ती कधी गेली नव्हती तिथल्याही कपाटात पट्ट्या आहेत, असं तिला दिसायचं. मला सांगायची. कपाटाचा रंगसुद्धा सांगायची.

दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात हरिश्चंद्र मेतर आजारी पडला. तो तुकारामाचा मावसभाऊ. वायंगणी भाताच्या, म्हणजे पाऊस संपल्यावर पाण्यावर घेतात त्या भाताच्या चिखलात तो आठवडाभर होता. तापाच्या तिसऱ्या दिवशी गौरजाने पट्टी लावली. एकच रेघ आली. नर्सने नेहमीप्रमाणे नळीत रक्त घेतलं. शिकवलं होतं तसं गौरजा म्हणाली, "भावजी, पट्टीत लेप्टो नाय. ताप वाढलो तर केंद्रात जावा." हरिश्चंद्राने पहिलं वाक्य ऐकलं आणि घरी जाऊन निजला. दोन दिवसांनी डोळे पिवळे झाले. गाडी करून जिल्ह्याला नेला. कसाबसा वाचला आणि परत आला तेव्हा सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता.

त्याला खरोखर लेप्टो झाला होता का, हे ठरायला दुसरं रक्त हवं होतं. बरं झाल्यावर काही आठवड्यांनी घेतलेलं. दोन्ही रक्तं शेजारी ठेवली की पुण्याची मोठी तपासणी खरं काय ते सांगते. त्या पावसाळ्यानंतरच्या सगळ्याच रोग्यांचं दुसरं रक्त डिसेंबरच्या त्याच आठवड्यात घ्यायचं होतं. गौरजाने घरोघर जाऊन वेळ सांगून ठेवली होती.

आणि गावदेव रामेश्वराने गावपळणीचा कौल दिला.

आमच्याकडे काही वर्षांनी हे येतं. देवाचा कौल झाला की तीन दिवस सगळा गाव वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, सगळी. जात-धर्म बघत नाहीत. वेशीबाहेर झोपड्या घालायच्या, परत कौल मिळेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. पुण्याच्या कॅलेंडरात ही गोष्ट नव्हती. गौरजानेही रोग्यांना घरची वेळ दिली, कारण कौल कधी होईल हे आधी कोणालाच ठाऊक नसतं.

ती टेलिफोन बूथवरून मॅडमशी बोलली तेव्हा मी दाराशीच उभा होतो, मॅडमचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"रिकामं म्हणजे? कोणीतरी असेल ना मागे?"

"कुत्रंसुद्धा नाही, मॅडम."

"मग ही माणसं असतील कुठे?"

"वेशीपलीकडे. झोपड्यांत."

मग मॅडम हसल्या. "कामावर नसतील, समुद्रावर नसतील, शेतात नसतील. आपल्याला याहून चांगलं काय हवंय? मी तिथेच येते."

गावपळणीत वेळ वेगळा चालतो. नारळाच्या झापांच्या झोपड्या रांगेने उभ्या. खाडीवर सकाळचं धुकं, त्यातून चुलींचा धूर सरळ वर जातो. बायका भांडीकुंडी घेऊन निवांत बसतात, ज्या एरवी कधी बसत नाहीत. पोरं झाडावरून खाडीत उड्या मारतात. आणि मागे गाव. त्याच्याकडे बघायचं नाही असं कोणी सांगत नाही, तरी नजर तिकडे गेली की माणूस गप्प होतो. माडांखाली घरं आहेत, दारं ओढलेली आहेत, विहिरीवर दोर लोंबतोय, आणि आवाज नाही. आपणच आपलं स्वप्न वेशीबाहेर उभं राहून बघतोय असं वाटतं. आयुष्यभर लाद्या ओढलेले माझे खांदे त्या दिवसांत दुखत नव्हते. का, ते मला सांगता येणार नाही.

मॅडम आल्या, बर्फाची पेटी घेऊन. गावाबरोबर आमचा कारखानाही बंद, म्हणून बर्फ मी आदल्या दिवशीच मालवणहून आणून भुशात पुरून ठेवला होता. एकेका झोपडीत जाऊन त्यांनी रक्त घेतलं. लोक रांगेत बसून एकमेकांची मस्करी करत होते. हरिश्चंद्राच्या झोपडीपाशी मात्र त्याची बायको लक्ष्मी आडवी उभी राहिली.

"रगत काढूक इलंस, गौरजा? हेंच्या अंगात रगत उरलाहा खंय? सगळा हास्पिटलात काढल्यानी."

हरिश्चंद्र आतून म्हणाला, "वैनी, तुझी पट्टी काय म्हणाली? काय नाय म्हणाली ना? मगे मी घराक येऊन निजलंय. आणि निजलंय तो मरूक टेकलंय. आता माका तुझी सुई नको."

मॅडमनी हात जोडले. गौरजाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "नाही म्हणाले तर नाही. त्यांचा हक्क आहे. मी उद्या सकाळी परत निघणार आहे. तोवर त्यांचं त्यांना वाटलं तर बघू."

मी पेटीत बर्फ भरत होतो. गौरजा शेजारी येऊन बसली. मी म्हणालो, "बरा झाला. पट्टी वाचली तुझी."

आम्हा दोघांनाही कळत होतं. हरिश्चंद्राने रक्त दिलं नाही तर पट्टीविरुद्ध आचऱ्यातून काहीच जाणार नव्हतं. त्याने नकार दिला होता, तिच्यावर बोट ठेवायला कोणाला जागा नव्हती. कपाटातल्या पट्ट्या तिने इतके महिने बघितल्या होत्या. तिला फक्त बसून राहायचं होतं.

संध्याकाळी भजनाला टाळ लागले. खाडीवरचा उजेड जात होता, आणि पलीकडे अंधारात बुडणारा गाव पाण्यावर तरंगतोय असं दिसत होतं. गौरजा तिकडे बघत होती. तिचंही घर तिथे होतं, दार ओढलेलं. मग ती उठली आणि सरळ हरिश्चंद्राच्या चुलीपाशी जाऊन बसली. माझी झोपडी लगतच होती.

"भावजी, पट्टी चुकली."

त्याने कांबळं खांद्यावर ओढून घेतलं.

"तुमी रगत दिलात तर ती चुकली ह्या पुण्याक कळतला. नाय दिलात तर कोणाकच कळाचा नाय."

"म्हणजे माझ्या रगतान तुझी पट्टी खोटी पडतली?"

"पडात."

"आणि तू ताच मागूक इलंस?"

"होय."

हरिश्चंद्राने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "कशाक गो?"

"आमचे हे गेले, तेव्हा तापाचा नाव कोणाक कळाक नाय. आता नाव कळता. पण कधी कळता आणि कधी कळणा नाय, ता नको कळाक? तुमी वाचलात. पुढचो माझ्या एका रेघेर इस्वास ठेवन घराक जाऊन निजलो तर?"

"येडी आसंस गो तू," हरिश्चंद्र म्हणाला.

"येडी नाय ती, येडे तुमी," लक्ष्मी आतून म्हणाली. "ती काय म्हणता ता माका कळला. इतको येळ काय तिका बसवन ठेवलात? सकाळी हात द्या आणि मोकळे होवा."

सकाळी धुकं विरायच्या आत त्याने हात पुढे केला. गौरजाने तो धरला, मॅडमनी रक्त घेतलं. नळी पेटीत गेली. मी झाकण लावलं आणि पेटी गाडीपर्यंत उचलून नेली. दुसऱ्या दिवशी गावात जायचा कौल झाला, आणि गुरांच्या घंटा वाजत सगळे घरी परतले.

होळी झाल्यावर मॅडम आल्या. गौरजाच्या ओसरीवर बसून त्यांनी सांगितलं. हरिश्चंद्राला लेप्टोच होता. दुसऱ्या दोन गावांतूनही अशीच रक्तं आली होती. तापाचे पहिले दिवस रक्तात पट्टीला ओळखता येईल असं काहीच नसतं. सहाव्या-सातव्या दिवसापासून ती बरोबर बोलते. आता नियम बदलणार होता. चिखलात काम केलेल्या माणसाला ताप आला आणि पोटऱ्या दुखल्या तर केंद्रात लेप्टोच्या गोळ्या लगेच सुरू करायच्या, पट्टीसाठी थांबायचं नाही. पट्टी नंतर. न्यासाने पट्ट्यांचे पैसे कमी केले आणि ते जिल्ह्यातल्या बायकांना हे शिकवण्यासाठी दिले. शिकवायला गौरजाने यायचं होतं.

गौरजाने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आमच्या ह्यांची तिसऱ्या दिवशी पट्टी केली असती तर, मॅडम?"

"काही दिसलं नसतं," मॅडम म्हणाल्या.

"आणि गोळी?"

"गोळी देता आली असती. वाचलेच असते असं मी म्हणणार नाही. पण देता आली असती."

गौरजाने मान हलवली. नंतर पुष्कळ वेळ ती माडांतून दिसणाऱ्या खाडीकडे बघत राहिली. तो ताप कसला, हे तिने त्यानंतर कोणाला विचारलेलं मी ऐकलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात मसुऱ्याकडचा एक गडी तिच्या दाराशी आला. अंग तापलेलं, कालपासूनचा ताप, पोटऱ्या धरून बसला. मी ओसरीवरच होतो.

"बाय, ती पट्टी लाव. माका कळूंदे."

"आज ती काय सांगाची नाय. ऊठ, केंद्रात जाऊया."

"पण बगून तरी घे."

"चल म्हणतंय ना."

तिने त्याच्या दंडाला धरून उठवलं, डोक्यावर इरलं घातलं आणि निघाली. बांधावरून दोघं जात होती. तो मधेच थांबायचा, तिच्या पट्ट्यांच्या पेटीकडे बोट दाखवायचा, पट्टी तरी लाव म्हणायचा. तिने पेटी काखेत घट्ट धरली होती. ती चालत राहिली.